'सब ठीक' म्हणणारा नाईक

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मला समुपदेशनाच्या कोर्सला पाठवलं, तेव्हा पलटणीत सगळे हसले. मीही हसलो. मी नायब सुभेदार. माझी हाक परेड ग्राउंडच्या या टोकाहून त्या टोकाला जायची, आणि मला पाठवत होते ते ऐकायला शिकायला. पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, म्हणाले, "जवान छुट्टीहून परत येतात आणि गप्प बसतात. कोणी तरी ऐकणारा हवा." हुकूम म्हणजे हुकूम. ट्रंक उचलली आणि गेलो.

कोर्स तीन आठवड्यांचा. सकाळी आठ ते दुपारी एक. शिकवायला एक मेजर मॅडम होत्या, मानसोपचाराच्या डॉक्टर. त्या आम्हाला जोडीजोडीने समोरासमोर बसवायच्या. दहा मिनिटं एकाने आपली अडचण सांगायची, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. मला ते एकदाही जमलं नाही. तिसऱ्या मिनिटाला माझ्या तोंडून 'असं कर' निघायचंच. पालथ्या घड्यावर पाणी. मॅडम एक गोष्ट सारखी सांगायच्या, "जवान 'जी साहब' बोले, तो समझो वो बात नहीं कर रहा. वो सावधान खड़ा है." तेव्हा मला वाटलं, बाईंना पलटण काय कळणार.

निवृत्त होऊन मी लोणी भापकरला घरी आलो. दर सोमवारी बारामतीला जायचो. तिथे एका खोलीत आम्ही काही माजी सैनिक बसायचो आणि विधवांच्या, जखमी जवानांच्या पेन्शनचे फॉर्म भरून द्यायचो. सत्त्याण्णव साल, मे महिना. सकाळी साडेनऊला एक जीप घराच्या दारात थांबली. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याहून नाईक मिलिंदचा मेहुणा आला होता.

"आबा, चला. दाजींनी दार लावून घेतलंय."

मिलिंद माझ्या प्लाटूनचा. दोन वर्षांपूर्वी पहाडातल्या आमच्या चौकीवरून सकाळी पाच चाळीसला गस्त निघाली होती. दहा जण, कमांड माझी. सात दहाला पुढे चालणारा लान्स नाईक अंकुश जमिनीत पुरलेल्या माईनवर गेला. बर्फ वितळल्यावर मातीबरोबर घसरून आलेली जुनी माईन होती, वाटेवर ती असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मिलिंद चौथ्या नंबरवर होता. मी "रुको" म्हणून ओरडलो, तरी तो अंकुशकडे धावला. दुसऱ्या माईनने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. मी रेडिओवर बोललो, "दो कैजुअल्टी. एक जा चुका है. दूसरे के लिए स्ट्रेचर भेजो. ओवर." अंकुश सुप्याचा, मिलिंद वरकुट्याचा, मी लोणीचा. एवढ्या मोठ्या पलटणीत आम्ही तिघं एका मुलखातले होतो.

अकरा वीसला वरकुट्याला पोहोचलो. इंदापूरहून बोलावलेले डॉक्टर अंगणात मोटरसायकलला टेकून उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नकली पायाखाली जखम झाली होती. सडलीय. रात्रीपासून ताप एकशे तीनच्या खाली नाही. आज पुण्याला ऑपरेशन झालं तर मांडीतून कापून माणूस वाचेल. दोनच्या आत गाडी हलली पाहिजे."

"उचलून नेतो," मी म्हणालो.

"न्या की. पण तो शुद्धीत आहे. तो नको म्हणाला तर तिकडे कुणी सुरी लावणार नाही. सही त्याचीच लागेल. आणि शुद्ध जायची वाट बघाल, तर मग माझी गरज नाही, तिरडीची लागेल."

मिलिंदची बायको संगीता ओट्यावर बसली होती. रडून झालं होतं. "सहा म्हयनं कळू दिलं न्हाय, आबा. त्यो नकली पाय बांधून रोज रानात जायचं. ईचारलं की म्हणायचं, ठीक हाय. काल वास आला तवा कळलं. डाक्टर आलं तशी आतनं कडी लावली."

मी दारापुढे उभा राहिलो आणि मला जे येत होतं तेच केलं.

"नाईक मिलिंद!"

"जी साहब." आवाज तापाने थरथरत होता.

"क्या हाल है?"

"सब ठीक है, साहब."

यावर मी वीस मिनिटं बोललो. बायकोचं सांगितलं, पोरीचं सांगितलं, पलटणीच्या इज्जतीचं सांगितलं. मांडी गेली म्हणून कुणाचं आयुष्य अडलंय, असंही म्हणालो. मला माझंच भाषण आवडत होतं. आतून उत्तरं येत होती: जी साहब. जी साहब. मी मोजली नाहीत, पण बारा वाजून पाच मिनिटांनी आवाज खाली गेला आणि मग नुसतं कण्हणं ऐकू आलं.

मेहुण्याने पहार आणली. "दार मोडू, आबा. किती वेळ ऐकायचं?"

ऐकलं कुणीच नव्हतं. मी बोलत होतो आणि तो आत सावधान उभा होता. एक पाय तुटलेला, उरला तेवढा सडलेला, आणि खाटेवर पडून सावधान. मॅडमचं वाक्य तेव्हा डोक्यात शिरलं. कोर्स संपल्यावर वर्षाने. माझी अक्कल नेहमी अशीच मागच्या गाडीने येते.

मी पहार काढून घेतली. सगळ्यांना पलीकडे लिंबाखाली पाठवलं. संगीतालाही. मग उंबऱ्यावर बसलो, पाठ दाराला लावली आणि घरच्या बोलीत म्हणालो, "मिलिंद, मी हितं बसलोय. बोलायचं तर बोल. न्हाय तर नको बोलू."

मी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

बारा वीस. बारा तीस. जीपचा ड्रायव्हर दुरून मनगटाकडे बोट दाखवत होता. मी डोळे मिटले. गोळीबारात पडून राहिलोय मी, पण इतका घाम मला कधी फुटला नव्हता. दर मिनिटाला एक हुकूम जिभेवर यायचा आणि मी तो गिळायचो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. माझ्या गप्प बसण्याने माणूस मरेल अशी भीती.

बारा पन्नासला आतून आवाज आला. "साहेब, टाच."

'कुठली टाच?' हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

"त्या दिवशी गस्तीआधी तुमी ईचारलं हुतं. किसी को कोई तकलीफ?"

"व्हय."

प्रत्येक गस्तीआधी, प्रत्येक हजेरीला हा प्रश्न विचारतात. उत्तर ठरलेलं असतं: नहीं साहब. कुणी तकलीफ सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे आठवडाभर त्याला नवरी म्हणतात.

"नऊ वर्सांत मी कदी हात वर केला न्हाय. त्या दिशी केला. टाचंला फोड आला हुता. तुमी म्हणला, तू चौथा चल, अंकुश पुढं जाईल." तो थांबला. श्वास घेताना घशात घरघर होत होती. "पुढचा नंबर माजा हुता, साहेब. येवढासा फोड हुता."

मला ते माहीत होतं. मी विसरलो नव्हतो. मी फक्त त्या बाजूला बघत नव्हतो.

'तुझी चूक नाही' हे शब्द ओठांवर आले. ते खरेही होते. पण ते ऐकून तो 'जी साहब' म्हणाला असता आणि सगळं तिथेच संपलं असतं. मी म्हणालो, "आणि तवापासनं तू दुखतंय म्हणाला न्हाईस."

तो म्हणाला, "म्हणलं की कोन तरी मरतंय."

सहा महिने हा माणूस सडणाऱ्या पायावर उभा राहिला, कारण एकदा त्याने खरं सांगितलं होतं. आणि ते सांगायला लावणारा, त्यावरून क्रम बदलणारा मीच होतो. आता गप्प बसलो असतो तर ते ऐकणं नसतं, लपणं झालं असतं.

"मिलिंद, क्रम मी बदलला. तू फोड सांगितलास, अंकुशचं नाव मी घेतलं. रिपोर्टात लिहिलं ते. पण त्याच्या आईपुढं बसलो तवा तोंड उघडलं न्हाय. ब्लेझर घालून गेलो, शूर हुता म्हणलो आन् निघून आलो. मी बी गप्पच हाय."

"तुमी बी?"

"मी बी."

आत खाट करकरली. तो रडत होता. मी रडू दिलं. एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मग मी तोच प्रश्न विचारला, पण हिंदीत नाही आणि उभं राहून नाही.

"आत्ता कुठं दुखतंय?"

"लई दुखतंय," तो म्हणाला. "गुडघ्यात. वर मांडीपत्तुर. सहन हुईना."

कडी काढायला त्याला खूप वेळ लागला. जमिनीवरून सरपटत आला होता. एक पंचेचाळीसला गाडी हलली. संध्याकाळी त्याने ऑपरेशनच्या कागदावर सही केली, वाकडीतिकडी, पण त्याची. मांडीतून पाय गेला. माणूस राहिला.

यात मी फार काही केलं अशी कुणी समजूत करून घेऊ नये. दोन तासांतला पहिला पाऊण तास मी वाया घालवला. अजून वीस मिनिटं बडबडलो असतो तर ही आठवण वेगळ्या शेवटाने लिहावी लागली असती.

थंडीत मिलिंद कुबड्यांवर बारामतीला आला आणि म्हणाला, "सुप्याला जाऊ." मला नको होतं. गेलो.

अंकुशची आई दारात बाजरी पाखडत होती. मिलिंदने फोडाचं सांगितलं. मी क्रमाचं सांगितलं. दोघांनीही पाल्हाळ लावला नाही. ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, शिव्या दिल्या तरी, असं आम्ही येताना एसटीत ठरवलं होतं.

तिने सूप खाली ठेवलं.

"पुढं जा म्हणल्यावर त्यो काय म्हणला?"

मिलिंद म्हणाला, "हासला. म्हणला, माजं बूट भारी हायती, मी जातो. तू ये मागनं लंगडत, म्हाताऱ्यावानी."

"असंच बोलायचा," ती म्हणाली. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "लोक येत्यात. शूर हुता म्हणत्यात, हार घालत्यात, जात्यात. त्याचं एक बोलणं कुणी मला आणून दिलं न्हाय. आजून सांग."

मिलिंद सांगत राहिला. अंकुश चहात गूळ कसा मागायचा, बर्फात पहारा देताना सुप्याच्या बाजारातल्या शेळ्यावाल्याची नक्कल कशी करायचा, पत्र लिहायला बसला की 'आई' एवढंच लिहून दुसऱ्याकडे पेन कसं द्यायचा. ती ऐकत होती. दुपारची एसटी गेली, त्यानंतरचीही गेली.

लान्स नाईक अंकुश, राहणार सुपे, तालुका बारामती. वय सव्वीस. बुटांबद्दलचं त्याचं ते शेवटचं बोलणं मीही ऐकलं होतं. मी तीन पावलांवर उभा होतो.