ओकून परत ये

आक्कांनी मला तगवलं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही नाक मुरडाल आणि मुख्य गोष्ट राहून जाईल.

"ओकायचं आसंल तर भाईर जा, ओक, आन् परत ये," असं त्या म्हणायच्या. वर बघायच्यासुद्धा नाहीत. एका हाताने कांदा चिरता चिरता दुसऱ्या हाताने मागचं दार दाखवायच्या.

कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांची मटणाची खानावळ होती. माझं माहेर वाशीमकडचं. घर माळकरी, अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. नववीत शाळा सुटली, लग्न झालं. पुढे दिराशी भांडण होऊन आम्ही दोघं कोल्हापूरला आलो. हे गुळाच्या गोदामात हमाली करायला लागले आणि दोन महिन्यांत गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलताना यांची कंबर गेली. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. आता मी काम धरायचं, नाहीतर खोली सोडून दिराच्या दारात परत जायचं. कोपऱ्यावरच्या खानावळीला बाई हवी होती. भांडी घासायची असतील असं मला वाटलं.

पहिल्याच सकाळी समोर वजडी आली. वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट. तुम्ही ती ताटात बघता, मी पाटीत बघितली. हिरवट, बुळबुळीत, आत अर्धवट पचलेला पाला. कढत पाण्यात बुडवली की आंबलेल्या गवताची अशी वाफ उठते की ती केसांत जाऊन बसते. मग सुरीने खरवडायचं. काळी साल निघते, नखांत जाते. शेजारी चुलीवर बकऱ्याचे पाय भाजत असायचे, त्या जळक्या केसांचा वास वेगळाच. मी मागच्या दाराने गेले, गटारीवर वाकले, परत आले. पुन्हा गेले.

"परत नाही आले तर?" एकदा मी चिडून विचारलं.

"तर वजडी मी धुईन," आक्का म्हणाल्या. "पर तुजं काय?"

रात्री मला तोच प्रश्न पडायचा.

आता आक्का तरी स्वच्छ होत्या का? तर नाही, खोटं कशाला बोलू. दाताला मिश्री लावायच्या आणि काळी पिंक नेम धरून नालीत टाकायच्या. ते बघून मला वजडी बरी वाटायची. बाई असून "मी गेलतो, मी खाल्लतो" असं बोलायच्या. मी पहिल्यांदा हसले, तर म्हणाल्या, "हास बाई. हासताना ओकाय येत न्हाई."

पण रोज चूल पेटली की मटणाला हात लावायच्या आधी त्या माझ्यासाठी पिठलं करायच्या. त्याची कढई निराळ्या खिळ्याला असायची. कुणी तिला हात लावला की ओरडायच्या, "ती माळकरणीची हाय." मला मात्र ते वजडी धुऊन झाल्यावरच द्यायच्या. आधी खाल्लेलं सगळं गटारीत जातं, हे त्यांनी पहिल्या दिवशीच बघितलं होतं. पिळलेल्या लिंबाच्या साली माझ्यासाठी वाटीत जपून ठेवायच्या. कोपरापर्यंत चोळ म्हणायच्या, आणि एक पदराला बांध. वास आला की पदर नाकाला. असं करत करत माझ्या फेऱ्या कमी झाल्या. किळस गेली नाही, फक्त हात थांबेनासे झाले.

मग तो रविवार आला. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर आताच कपाळाला हात लावाल. सकाळी मटण शिजवून उपसून परातीत काढलेलं, आणि पातेल्यात गढूळ पाणी. वर चरबीचा पिवळा थर. मला वाटलं, मटण धुतलेलं घाण पाणी आहे. नाक दाबून मी ते सगळं मोरीत ओतलं आणि पातेलं राखेने लख्ख घासून ठेवलं. शाबासकी मिळेल असंही वाटलं.

ते अळणी होतं. तांबडा-पांढरा रस्सा ज्याच्यावर उभा राहतो तेच पाणी. इथे ते लहान लेकरांना आणि आजाऱ्यांना वाटीतून पाजतात.

आक्कांनी पातेल्यात बघितलं, मग मोरीत, मग माझ्याकडे. पाटावर बसल्या. बाहेर बाकांवर माणसं येऊन बसली होती. मी हात धुतले, पिशवी उचलली आणि मागच्या दाराकडे वळले.

"ओकाय चाललीस?"

"नाही."

"मग कुटं निगालीस? त्या दारानं ओकायलाच जायाचं आसतंय."

मी पिशवी खाली ठेवली. आक्कांनी हाडं पुन्हा उकळायला टाकली, त्यात तांबडा कसाबसा निघाला. पांढरा नाहीच. बाहेर जाऊन त्यांनी सांगितलं, "आज पातेलं माज्याच हातनं कलंडलं." एक नेहमीचं गिऱ्हाईक कुरकुरलं, "आक्का, म्हातारी झालीस."

"झालो की. म्हातारीच्या हातचं गिळतोयस न्हवं? गुमान गिळ."

आत आल्यावर मला म्हणाल्या, गटारीतल्या उंदरांचा आज सण झाला. एवढंच. मग कधीच तो विषय काढला नाही.

हे बरे झाले, आता गोदामावर राखणीला बसतात. खोली टिकली. मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, साधा वरण-भात-भाजीचा. आक्कांचे गुडघे गेले तशी खानावळ बंद झाली. त्या चिकोडीला लेकीकडे गेल्या. खानावळीच्या जागी आता मोबाईलची कव्हरं लटकतात. मी त्या बाजूने जाते तेव्हा मला अजून वजडीचा वास येतो. पदराला हात जातो, लिंबाची साल नसतेच.

आक्का अंथरुणाला आहेत असं त्यांच्या लेकीकडून कळलं. जेवण जात नाही म्हणे. तेव्हा मी ठरवलंय. मी मटण आणणार, माझ्या हाताने शिजवणार, एक पातेलं अळणी काढून डब्यात भरणार आणि चिकोडीची एसटी धरणार. चव मी बघणार नाही, ती त्यांनी बघावी. वाटेत त्या वासाने जीव वर आला तर गाडी थांबवायला लावीन, उतरून ओकेन, आणि डबा घेऊन परत चढेन.