परवान्याची रोपं

बंदराच्या नाक्यावर ती बाहेर जाणाऱ्या झाडांची तपासणी करायची. हमाल पाठीमागे तिला ‘कात्री’ म्हणत, कारण गयावया करणाऱ्याचं बोलणं ती अर्ध्यातच कापायची. त्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने सगळीकडच्या फळबागा करपल्या. नव्याने लावायला रोपं मिळेनात. सरकारने हुकूम काढला: परवान्याशिवाय फळझाडाचं एक रोपही देशाबाहेर जाणार नाही. परवाने तरी कोणाला मिळाले? ज्यांची वरच्यांकडे ऊठबस होती त्यांना. हे तिलाही ठाऊक होतं.

एका दुपारी सफरचंदाच्या रोपांनी भरलेला ट्रक आला. मागोमाग कुदळी-फावडी घेतलेले बागवान. सगळ्यांत पुढे तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याची अख्खी बाग गेली होती.

“ताई, ट्रक परत फिरव.”

“परवाना खरा आहे रे. खोटा कसा म्हणू?”

“आमचं वाटोळं झालं, आणि तू रोपं बाहेर धाडतेस? लाज वाटते का काही?”

“वाटते. तू घरी जा.”

तेवढ्यात दगड आला आणि ट्रकची काच फुटली. म्हाताऱ्या ड्रायव्हरला त्यांनी मानगूट धरून खाली ओढलं. “मी नुसती गाडी चालवतो हो!” तो ओरडत होता. फावड्याचा दांडा तोंडावर बसला, दात रस्त्यावर पडले. मग लाथा. भावाने कुदळ डोक्यावर उचलली. त्याचे डोळे पाहून तिला कळलं, हा आता थांबणार नाही. तिने फाटकाची लोखंडी पहार उचलली आणि जीव खाऊन त्याच्या मनगटावर हाणली. हाड काडकन मोडलं.

जमाव ट्रकवर चढला. रोपं हिसकावताना त्यांची आपसातच जुंपली. एकाने दुसऱ्याच्या मांडीत कोयता घातला. पोलीस येईपर्यंत रस्ताभर मोडक्या फांद्या आणि चेंदामेंदा झालेली मुळं पडली होती. लावण्याजोगं एकही रोप उरलं नाही.

ड्रायव्हर वाचला. सरकारने सगळेच परवाने रद्द केले. भावाचा हात वाकडाच जुळला, कलम बांधायची सुरी त्यात धरवेना.

दवाखान्याच्या दारात भावजयीने तिला अडवलं. “आमच्या पोटावर पाय दिलात तुम्ही.”

“त्याच्या हातून खून झाला असता गं.”

“झाला असता तर झाला असता! सख्ख्या बहिणीने हात मोडायचा?”



पुढच्या लावणीला ती सुट्टी काढून भावाच्या बागेत खड्डे खणायला गेली. कोणी बोलावलं नव्हतं. तो बांधावर बसून शिव्या हासडत होता. ती ऐकत होती, खणत होती.

“एवढा उथळ खड्डा कोण खणतं?” तो शेवटी खेकसला.

तिने आणखी खोल खणला.