झोळीतला बाप

"बोल, अण्णा. तू म्हातारा, तू बोल," असं म्हणून तो मांडीवर तंतू वळायला लागायचा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इथे न्यूझीलंडमध्ये, माउंट रॉस्किलला मुलाकडे राहत होतो. हा शेजारी. इक्वेडोरच्या जंगलातल्या सेकोया लोकांपैकी. बायको इथलीच, गोरी. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, म्हणून आमचं जमलं. त्यांच्याकडे म्हणे उजाडायच्या आत म्हातारे बोलतात आणि तरुण दोर वळत ऐकतात. आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात मला 'बोला' कोण म्हणत होतं? मी रोज पहाटे कुंपणाशी हजर! नांगरटीपासून सुनेच्या भाजीपर्यंत सगळं सांगायचो. त्याला निम्मं कळत नसेल, पण मान हलवायचा.

मग त्याला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, मुठीएवढी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. आणि हा रजा टाकून पडवीतल्या दोरीच्या झोळीत पडून राहिला. सुरी धरायची नाही, जड उचलायचं नाही.

"तिचा जीव अजून माझ्या मागे मागे फिरतो, अण्णा. मी काही कापलं तर तिला लागेल."

मुलगा म्हणाला, "अण्णा, हा शुद्ध आळस आहे."

"तुझ्या वेळी तुझ्या आईने ग्रहणात विळी धरली नव्हती. म्हणून एवढं बोलतोयस."

घर भाड्याचं. गवत गुडघ्याला लागलं. एजंटबाई दम देऊन गेली: सोमवारी बघायला येते, कापलेलं नसेल तर घर सोडा.

"मी कापतो," मी म्हटलं.

"मी सांगून तू कापलंस, तर ते मीच कापल्यासारखं."

"तू कुठे सांगतोयस? कोणी सांगितलं म्हणून मी आजवर काम केलंय का?"

शनिवारी मुलाचं मशीन ओढत नेलं. अर्धं गवत झालं आणि त्याच्या बायकोची गाडी आली. मागे बाळ! मी मशीन बंद केलं. तो झोळीतून उतरला नाही, नुसते हात पसरले. बाईने पोर त्याच्या छातीवर ठेवलं. पोर असं काही रडलं की आमचा मुलगा चहाचा कप घेऊन बाहेर धावला.

"डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही," बाई म्हणाली.

मी पायरीवर बसलो.

रविवारी उरलेलं कापायला गेलो, तर बापलेक झोपलेले. मशीन तसंच परत आणलं.

पुढे ते दक्षिणेला गेले, परत भेट नाही. मला आठवतो तो सोमवार. एजंटबाईने अर्ध्या गवताकडे बघितलं, मग झोळीकडे. दोघंही घोरत होते. तिने सँडल काढून हातात घेतले आणि फाटक न वाजवता निघून गेली.