सुदेशच्या वाटणीची कोलंबी

ठाकुर्लीच्या त्या बिल्डिंगमध्ये सुदेश एकाच माणसावर जळायचा, आणि तो नेमका त्याचा सख्खा धाकटा भाऊ. रतनचं हृदय जन्मतःच बिघडलेलं. रडला की ओठ निळे पडायचे. तिसऱ्या वर्षी छाती उघडून ऑपरेशन झालं. तेव्हा आई गावच्या देवीला नवस बोलली, रतन पन्नाशी गाठेपर्यंत सुदेश कोलंबी खाणार नाही.

सुदेश आठ वर्षांचा, कोलंबीवर जीव टाकणारा. त्याला विचारलं कोणी?

"घरात सगळ्यात जास्त जीव जिच्यात अडकलाय, ती गोष्ट द्यायची असते रे," आई म्हणाली. विषय संपला.

रतन जगला. नुसता जगला नाही, माजला! कॉलेजात नाटकं केली, दोन पोरींचा बाप झाला. दर रविवारी डोंबिवलीच्या बाजारातून कोलंबी यायची आणि हा बोटं चाटत विचारायचा, "दादा, वास तरी घेतोस?" सुदेश बांगड्याचे काटे काढत भावाच्या ताटातल्या कोलंब्या मोजायचा. रतनच्या छातीवरचा उभा व्रण बघून पाहुणे हळहळायचे. आपल्या जिभेवरचा व्रण कोणाला दाखवायचा, असं सुदेशला वाटायचं.

यंदा रतनची पन्नाशी. सुदेशने महिनाभर आधीच कोळणीला बजावलं, "मोठी पायजे हां, मावशी."

आणि आदल्याच आठवड्यात रतन नेहमीच्या तपासणीहून आला. हृदयाची एक झडप गळतेय. आज घाबरायचं कारण नाही, पण लक्ष ठेवायचं, असं डॉक्टर म्हणाले. रतनने हे चहात खारी बुडवत सांगितलं. सुदेशचा चहा तसाच राहिला.

वाढदिवसाला रतनच्या बायकोने, संचिताने, पहिलं ताट सुदेशपुढे ठेवलं. ऐंशी ओलांडलेली आई म्हणाली, "खा बाबा. सुटलास."

सुदेशने एक कोलंबी नाकापर्यंत नेली. समोर रतन, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. कोलंबी परत ताटात गेली.

"मीठ जास्त झालंय."

"भावोजी, चाखलीत कुठे?"

"वासावरून कळतं. सत्तेचाळीस वर्षांचा अनुभव आहे." त्याने ताट रतनपुढे सरकवलं. "माझं बघू तुझ्या पंच्याहत्तरीला. दात नसतील, पण कोलंबी मऊ असते."

"दादा, वेडा झालास? कोणी सांगितलंय तुला?"

"कोणी नाही. या वेळी निदान मला विचारून ठरलंय."

रतन खाली मान घालून जेवू लागला. सुदेशने बांगडा ओढला.

"अकरा," तो काटा काढत पुटपुटला. "हावरट कुठला!"