ऑस्टिओ, मायो आणि गोडादऱ्याची गल्ली

आमच्या माळ्यावर जसे प्लास्टिकचे रिकामे डबे साठलेत, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. कोणी चहाला आलं म्हणून एक काढावा, तर मागचा भलताच अंगावर पडतो. आज सगळेच खाली काढते.

आधी माणसं सांगते. मी सोनल. सुरतेच्या गोडादरा भागातल्या मराठी गल्लीत राहते आणि नर्सिंगची डिग्री घेऊन सुरतेतच एका हॉस्पिटलात नोकरी करते. संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या तिघींना शिकवते. तिघी नर्सिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. रेखावहिनी, दोन मुलांची आई, भजनी मंडळाची मुख्य गायिका. पूजा, कॉलेजातून आली की आईबरोबर साड्यांवर स्टोन चिकटवते. आणि शेजारची वर्षा. वर्षा अॅनाटॉमीत एकदा नापास झालेली. डोकं चांगलं आहे तिला, पण शाळा मराठी माध्यमाची आणि पुस्तकातला एकेक शब्द मालगाडीएवढा लांब!

वर्षाचे वडील म्हणजे अप्पा, लूमच्या कारखान्यात मास्टर. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "पुरवणी परीक्षेत पास झाली तर शिक. नाही झाली तर पारोळ्याचं स्थळ तयार आहे."

गल्लीतली सगळी मोठी माणसं अप्पांच्या बाजूने. सल्ला द्यायला रांग, पण पोरीला पुस्तक आणून द्यायला कोणी नाही!

मी वर्षाला म्हटलं, "शब्द मालगाडीएवढा आहे ना? मग डबे सोडव. एकेक डबा ओळखीचा निघेल."

*

पहिल्या दिवशी फळ्यावर डबेच मांडले. ऑस्टिओ म्हणजे हाड. मायो म्हणजे स्नायू. आर्थ्रो म्हणजे सांधा. शेवटी आयटिस लागलं की सूज, अल्जिया लागलं की दुखणं. आता जोडा.

रेखावहिनींचा हात पहिला वर. "म्हणजे आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याला ऑस्टिओ-आर्थ्र-आयटिस?"

"डॉक्टर तेच म्हणाले ना? बरोबर!"

वहिनींनी घरी जाऊन ते सासूबाईंना नीट, डबा-डबा करून समजावलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई ओट्यावर नेहमीपेक्षा ताठ बसलेल्या. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय म्हणतात गुडघे?"

"गुडघे नाही," सासूबाई म्हणाल्या, "ऑस्टिओआर्थ्रायटिस आहे मला. तीन भागांचा!"

संध्याकाळी मावशी माझ्या दारात. मला वाटलं औषध विचारतील.

"सोनल, माझी कंबर किती वर्षं दुखतेय गं. मलाही एखादं लांब नाव दे ना!"

*

पूजाच्या घरी बोलायला वेळ असतो, लिहायला नसतो. हातात चिमटा, समोर साडी, बाजूला गमाची बाटली. म्हणून ती चिकटवता चिकटवता घोकते. मनगटाला कार्पस म्हणतात, त्यातली हाडं ती कार्पल. आठ छोटी हाडं, चार-चारच्या दोन ओळी. पूजाला त्यांची जागा काही लक्षात राहीना.

एका साडीवर तिला फुलांची बॉर्डर करायची होती. पोरगी घोकत राहिली आणि हात आपोआप चालत राहिले. संपूर्ण पदरभर चार स्टोन खाली, चार स्टोन वर, एक किंचित बाहेर सरकलेला, मनगटात असतो तसाच! फूल एकही नाही.

आईनं कपाळावर हात मारला. "शेठ माल परत पाठवेल! शिकायचं तर शीक, नाही तर काम कर!"

काढायला वेळ नव्हता. साडी तशीच मार्केटला गेली. शेठचा फोन आला तेव्हा आईनं तो घेतलाच नाही, पूजाच्या हातात दिला.

"बेन, आ नवी डिझाइन कोणी छे?"

"मारी," डिझाइन आपलीच असल्याचं पूजानं घाबरत कबूल केलं.

"बहु सरस! बीजी मोकल." शेठला तसल्याच आणखी साड्या हव्या होत्या!

तर यंदाच्या लग्नसराईत कुठल्या तरी गावात कोणी तरी नवरी पदरभर मनगटाची हाडं घेऊन बोहल्यावर उभी राहणार आहे. देव तिचं भलं करो!

*

वहिनींची गोष्ट वेगळी. त्यांना वाचून काही येत नाही, गाऊन सगळं येतं. मानेच्या एका स्नायूचं नाव आहे स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. छातीचं मधलं हाड स्टर्नम, गळ्याजवळचं क्लॅव्हिकल, कानामागचा उंचवटा मास्टॉइड. तो स्नायू या तिन्हींना धरून बसलेला, म्हणून तिघांचं नाव. वहिनींनी त्याला चाल लावली. मग बाकीच्या स्नायूंनाही लावली.

एकादशीला मंडळाचं भजन होतं. वहिनी पेटीवर. एक अभंग संपला, दुसरा कुठला घ्यायचा याचा विचार करताना पेटी वाजतच होती आणि तोंडातून आपोआप निघालं, "स्टर्नो... क्लायडो... मास्टॉइड..."

आता भजनी मंडळाची शिस्त कशी, की मुख्य बाई म्हणेल ते बाकीच्यांनी मागून म्हणायचं. विचार करायचा नाही. सगळ्या बायकांनी टाळ वाजवत म्हटलं, "स्टर्नो, क्लायडो, मास्टॉइड!"

वहिनींना थांबताच येईना. थांबलं तर कळेल ना! मग ट्रॅपिझियस झाला, डेल्टॉइड झाला, बायसेप्सवर टाळ्यांचा ठेका धरला गेला. मी मागे बसून पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

शेवटी सगळ्यात जुन्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, "किती गोड गं! कोणत्या संतांचा?"

*

आता अप्पांची पाठ.

पाठीचे स्नायू चित्रात बघून वर्षाच्या डोक्यात शिरेनात. खरी पाठ पाहिजे होती. रविवारी दुपारी अप्पा उघड्या अंगानं पालथे झोपले होते, नेहमीसारखे घोरत. वर्षा म्हणाली, "ताई, एवढी मोठी पाठ वाया चाललीय."

मी म्हटलं, "लिही."

पेन शोधलं तर मिळालं अप्पांच्या पिशवीतलं. लूमवर कापडाचा ताका तयार झाला की त्याच्या टोकाला नंबर टाकतात, त्याचं. पूजा आणि वहिनीही आल्या, आणि आम्ही चौघींनी मिळून अप्पांची पाठ भरून काढली. खांद्याच्या फऱ्यावर स्कॅप्युला. मानेपासून खाली ट्रॅपिझियस. कमरेकडून काखेपर्यंत लॅटिसिमस डॉर्साय. लॅटिसिमस म्हणजे सगळ्यात रुंद, डॉर्सम म्हणजे पाठ. वर्षाला त्या एका दुपारी जे पाठ झालं ते महिनाभरात झालं नव्हतं!

मग ओला टॉवेल फिरवला. काही जाईना. साबण लावला. अप्पा झोपेत म्हणाले, "हं, तठेच, जरा जोरथीन." आम्ही जोरानं घासलं. एक अक्षर हललं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापड डाइंगला जातं, उकळतं, रंगतं, धुतलं जातं, आणि तरी ताक्यावरचा नंबर वाचता आला पाहिजे. ती शाई बनवलेलीच न जाण्यासाठी!

सोमवारी लूमच्या उकाड्यात अप्पांनी सवयीनं शर्ट खुंटीला टांगला. मशीनवरचे ओडिया कारागीर एकेक करून मागे जमले. त्यातला एक वाचून वाचून थकला आणि म्हणाला, "मास्टर, आप कौन से लॉट का माल हो? डाइंग में कब जाना है?"

कारखान्यात आठवडाभर अप्पांचं नाव 'लॉट' पडलं.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दार आपटलं. "हाई काय लिखेल शे मनी पाठवर?" मग माझ्याकडे वळले. "ही तुझी शिकवणी? बापाच्या अंगावर?"

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, "अप्पा, तुमच्या अंगावर लिहिलं म्हणून तिला आलं. तुम्ही रोज तिच्या अंगावर ओरडता, त्यानं काय आलं?"

बोलून गेले आणि त्याचा भुर्दंड वर्षाला. अप्पांनी तिथल्या तिथे पारोळ्याला फोन लावला. "परीक्षेची वाट नका पाहू. याच रविवारी या मुलगी बघायला."

वर्षाचा पेपर त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी होता.

*

त्या आठवड्यात वर्षाच्या कॉलेजात एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅडमनी तिला उभं केलं आणि मुद्दाम पुस्तकाबाहेरचा शब्द टाकला. "पॉलिमायअल्जिया. सांग."

वर्षानं तो आयुष्यात ऐकला नव्हता. आधीची वर्षा खाली मान घालून उभी राहिली असती. ही पुटपुटू लागली. "पॉली म्हणजे अनेक. माय म्हणजे स्नायू. अल्जिया म्हणजे दुखणं." मग एकदम चेहरा उजळला. "मॅडम, डबल पाळी करून आल्यावर आमच्या अप्पांना होतं ते!"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अप्पांना होतं ती नुसती थकावट. पण शब्द तू बरोबर फोडलास. बस, आता तुला कोणी अडवू शकत नाही."

मला वाटलं, मॅडमना पारोळ्याचे पाहुणे माहीत नाहीत!

*

आणि मग तो रविवार.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याची आत्या. आमच्या गल्लीतल्या घरांचे जिने बाहेरून, लोखंडी आणि उभे. मी माझ्या दारात हाताची घडी घालून उभी होते. अप्पांशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. वर वर्षाच्या घरात मी मघाशीच डोकावून आले होते; ती साडी नेसून पोह्यांच्या बशा ट्रेमध्ये मांडत होती आणि रडत नव्हती, हे मला जास्त लागलं.

मुलाची आई वरच्या पायरीवर पोचली, नवी चप्पल सरकली, आणि ती हातावर पडली. आवाज मला माझ्या दारापर्यंत आला. मनगट काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं वाकलेलं.

एकच गलका. कोणी हळद म्हणे, कोणी हात ओढून सरळ करा म्हणे. आत्यानं तर हात पकडलाही.

"हात लावू नका!"

इतक्या मोठ्यानं वर्षा बोलू शकते, हे गल्लीला माहीत नव्हतं. ट्रे जमिनीवर ठेवून ती पाहुणीजवळ बसली. मी धावत वर गेले, पुढे झाले, तर तिनं माझ्याकडे न बघता हातानंच मला थांबवलं.

"काकू, बोटं हलवा. हलतात? छान. मुंग्या येतात का? नाही ना?" मग स्वतःशीच, "रेडियस. खालचं टोक." आणि लगेच मोठ्यानं, "हातातल्या बांगड्या काढायच्या. आत्ताच. सूज चढली की निघणार नाहीत आणि रक्त अडेल."

आत्या किंचाळली. "सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या? मुलगी बघायच्या दिवशी?"

गल्लीतली सगळी मोठी माणसं एका सुरात आत्याच्या बाजूची झाली. अपशकुन, अपशकुन! मी तोंड उघडणार, तेवढ्यात वर्षानं दाराकडे बघितलं.

"अप्पा, साबन लई या!"

अप्पा आत पळाले. खरंच पळाले! साबण आणला, पाणी आणलं, आणि कोणी न सांगता पाहुणीचा कोपर दोन्ही हातांनी अलगद धरून बसले. सोन्याच्या पाटल्या निघाल्या. काचेच्या निघाल्या. एक हिरवी बांगडी अडकली. वर्षानं तिच्याभोवती रुमाल गुंडाळला आणि पाहुणीच्या तोंडाकडे पाहिलं.

"फोड व माय," ती बाई घामाघूम होऊन म्हणाली. "बांगडी नवी भरसू, हात नवा कथाईन आनसू?"

कट्. मग साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मऊ टॉवेल, वरून खुंटीवरची वर्षाची ओढणी. हात गळ्यात बांधला आणि आम्ही रिक्षा धरली. पाहुणी, अप्पा, वर्षा आणि अंग चोरून मी. बाकीचे मागच्या रिक्षेत.

हॉस्पिटलात गर्दी होती. बाकावर बसून बसून अप्पा सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. मला वाटलं, पाहुण्यांपुढे सगळं बिघडलं म्हणून तळमळताहेत. शेवटी डॉक्टर आले. तरुण, गुजराती. ओढणी सोडली, पुठ्ठा बघितला, बोटांची नखं दाबून रंग बघितला.

"ये किसने बांधा?"

पाहुणीनं चांगल्या हातानं वर्षाकडे बोट दाखवलं.

"अच्छा बांधा है," डॉक्टर म्हणाले. "बांगडियाँ भी टाइम पर निकालीं. नर्स है?"

वर्षा उत्तर देणार, तेवढ्यात अप्पा उठून तिच्या पुढे उभे राहिले.

"अभी नहीं, साहेब. पण थोडा जल्दी करो ना! परसों इसका पेपर है, और इधर बैठे बैठे पोरी का अभ्यास डूब रहा है!"