गोलखांबावरचा कोट

भांडण चाललं होतं शेडच्या मागे, आणि शेडच्या आत एल्डब्योर्ग गारांनी भरलेल्या बादलीत हात बुडवून बसली होती. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. पलीकडे कुणी नाक ओढलं तरी अलीकडे ऐकू यायचं, आणि इथं तर दोघं तावातावानं बोलत होते.

"तिचं बोट मोडलंय, सिग्रुन. एवढ्या गारांत पोर शेवटपर्यंत उभी राहिली." हा उदमुन. मासळीच्या कारखान्यातला मुकादम, आणि हेग्रेविकच्या बायकांना फुटबॉल शिकवायला तयार झालेला गावातला एकटाच पुरुष.

"उभी राहिली, पण अडवलं काय? चौदा गोल, उदमुन! पहिल्याच सामन्यात चौदा. उद्या क्लबातले म्हणतील, झाली ना हौस, आता जा आणि मासे चिरा. मैदान काढून घेतील आपलं."

"मग करणार काय तू?"

"सांगणार, आमच्याकडं गोलकीपर नव्हतीच. हिनं आपला कोट काढून गोलाच्या खांबाला अडकवला होता ना? तोच गोलात उभा होता म्हणून सांगणार. हसतील. हसलेला माणूस लगेच दार लावत नाही."

"आणि एल्डब्योर्ग?"

"ती कशाला बोलतेय! तिला जीभ आहे हे तिच्या आईलासुद्धा उशिरा कळलं."

"निर्दय आहेस."

"कॅप्टन आहे मी," सिग्रुन म्हणाली.

एल्डब्योर्गनं हात बादलीतून काढला, बघितला, परत बुडवला. बधिर झाला की दुखत नाही, एवढं तिला कारखान्यात शिकायला मिळालं होतं.

आणि सिग्रुनचं खरं ठरलं, हे तर आणखी वाईट. क्लबातले पुरुष पोट धरून हसले. "कोट गोलात!" म्हणून एकानं कॉफी सांडली. हसता हसता त्यांनी बायकांना आणखी एक सामना देऊन टाकला, रविवारी, पुरुषांचं खेळून झाल्यावर. खडीचं मैदान, एका अंगाला कारखाना, दुसऱ्या अंगाला खाडी. चेंडू पाण्यात गेला तर होडी काढावी लागायची. पण मैदान ते मैदान.

दुसऱ्या सामन्याला कुंपणाशी कारखान्यातले गडी जमले आणि ओरडायला लागले, "कोट कुठाय? कोट मैदानात उतरवा!" एल्डब्योर्ग प्लास्टरमधला हात घेऊन बाकावर कुडकुडत बसली होती. सिग्रुन हसत आली, तिच्या खांद्यावरचा कोट उचलला आणि खांबाला लटकवला. आईचा जुना राखाडी लोकरीचा कोट. एल्डब्योर्ग पूर्ण सामना दात वाजवत बसली, आणि त्या दिवशी बायका जिंकल्या.

झालं! खेळणाऱ्या माणसाइतकं शकुनाला धरून चालणारं दुसरं कुणी नसतं. तेव्हापासून दर वसंतात घरच्या पहिल्या सामन्याआधी तो कोट गोलखांबाला लागायचाच. सगळ्यांनी हसायचं, टाळ्या वाजवायच्या, मग कोट उतरवायचा आणि खेळाला सुरुवात.

बोट बरं झालं, पण वाकडं. तोवर खाडीपलीकडची एक उंच पोरगी येऊन गोलात उभी राहिली होती. मग एका बैठकीत सिग्रुननं विचारलं, "खेळाचे कपडे कोण धुणार?" आमच्याकडं श्रमदान असं मागतात. कुणाचं नाव घेत नाहीत. सगळ्याजणी आपापल्या बुटांकडं बघत बसतात आणि जिला ती शांतता सोसत नाही ती म्हणते, "मी बघते." एल्डब्योर्गला शांतता कधीच सोसली नाही. स्वतः एवढी गप्प असून, बघा.

लग्नातसुद्धा कोटानं तिला सोडलं नाही. तिचा नवरा लाइडुल्फ, भला माणूस, भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, "हेग्रेविकला सगळ्यात चांगला गोलकीपर कोट आहे, आणि त्याची धोबीण मला मिळाली!" मंडप हसला. लेसच्या पोशाखात एल्डब्योर्गही हसली. गोलात खरं कोण होतं ते त्याला तिनं त्या रात्री सांगितलं नाही आणि तो वारला तोवरही सांगितलं नाही. कारण आमच्याकडं आपलं आपण सांगत नाहीत. दुसऱ्यानं सांगायचं आणि आपण "छे, त्यात काय" म्हणायचं. आता दुसऱ्यानं तोंडच उघडलं नाही, तर बाईला "छे" म्हणायचीही पाळी येत नाही.

दिवस गेले. खडी जाऊन गवत आलं, गवत जाऊन नकली हिरवळ आली. तिच्यातले रबराचे काळे दाणे मोज्यांतून सांडायचे आणि एल्डब्योर्गच्या मोरीत तुंबायचे. बायकांचा संघ एकेक पायरी चढत पार वरच्या साखळीत जाऊन बसला. पुरुषांचा संघ, देव त्यांचं भलं करो, खालीच राहिला. गळपट्ट्यांवर कोटाचं चित्र आलं. वॅफल विकायच्या टपरीचं नाव 'कोट' पडलं. उदमुन वारला. पहिल्या संघातल्या कुणी दक्षिणेला गेल्या, कुणी मातीत गेल्या, आणि उरल्यासुरल्या सिग्रुनच्या तोंडून ऐकून ऐकून तिच्यासारखंच सांगायला लागल्या. थट्टा अशी मुरली, जशी बरणीतली हेरिंग मासळी. काटेसुद्धा मऊ झाले. फक्त एल्डब्योर्गच्या घशात एक राहून गेला.

एकदा, नुसतं एकदाच, तो वर यायची वेळ आली होती. आताच्या संघाची गोलकीपर सुन्निवा हातमोजे धुवायला टाकायला आली आणि एल्डब्योर्गचा हात धरून उभी राहिली.

"अगं, हे बोट! हे माझ्यासारखंच आहे. हे बघ, माझंपण इथूनच वळलंय. चेंडू नखावर बसला की असं होतं. तू कधी गोलात होतीस?"

एल्डब्योर्गनं हात सोडवून घेतला. सांगावं? पण आपलं आपण?

"कारखान्याच्या दारात सापडलं," ती म्हणाली.

"मग ठीक," म्हणून पोरगी शिट्टी वाजवत गेली. एल्डब्योर्ग कितीतरी वेळ ओले हातमोजे पिळत बसली. हातमोजे पिळायचे नसतात, खराब होतात. तिला ते माहीत होतं.

यंदाच्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की पोटातलं आता काढण्यासारखं राहिलेलं नाही. उन्हाळा बघशील, पानं गळताना बघशील असं म्हणवत नाही. एल्डब्योर्गनं त्यांचे आभार मानले, टोपी घातली, आणि बर्फातून घरी येता येता तिच्या मनात दुसरं काही आलं नाही, एवढंच आलं की आता सिग्रुनला सांगावं लागेल. मरणाचं नव्हे. ते दुसरं. वसंतात नव्या स्टँडचं उद्घाटन होतं, सगळं गाव येणार होतं आणि बोलणार सिग्रुन होती. त्या दिवशी, सगळ्यांसमोर, गोलात कोण उभं होतं ते एकदा तिच्या तोंडून यावं. मग पानं गळोत नाहीतर झाड पडो.

ती सिग्रुनकडे वॅफल आणि तपकिरी चीज घेऊन गेली. दोघी हवेबद्दल बोलल्या, सिग्रुनच्या कमरेबद्दल बोलल्या, पुरुषांच्या संघाबद्दल बोलून पोटभर हसल्या. उठून, बूट घालून, दाराच्या कडीला हात लागल्यावर एल्डब्योर्ग म्हणाली,

"सिग्रुन, उद्घाटनाला बोलशील ना, तेव्हा पहिल्या सामन्यात गोलात कोण होतं ते एकदा सांग."

सिग्रुनच्या हातातली बशी थांबली. "अगं, एवढ्या वर्षांनी?"

"एकदाच."

"लागलं होतं का गं तुला ते?"

"छे," एल्डब्योर्ग म्हणाली. "त्यात काय."

सवयीनं निघून गेलं. दारात उभी राहून तिला ते 'छे' परत गिळता येईना.

"बरं, सांगते," सिग्रुन म्हणाली. "शब्द देते. पण माझी गंमत गेली की गं! दुसरी शोधावी लागणार." आणि ती हसली.

एल्डब्योर्गनं ठेवणीतला निळा ब्लाउज काढून इस्त्री केला. आरशासमोर उभी राहून "छे, त्यात काय" म्हणून बघितलं. फार जोरात आलं. मग हळू म्हटलं. मग मान जरा वाकडी करून. म्हातारपणी माणूस कशाकशाची तालीम करतो!

उद्घाटनाला वारा असा की झेंडे फाटायचे तेवढे राहिले. नवा स्टँड खचाखच भरला. एल्डब्योर्ग कोट हातावर घेऊन स्टँडखालच्या बोळाच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्या मागे सामन्याला निघालेल्या पोरी उड्या मारून अंग गरम करत होत्या. मैदानाच्या मधोमध सिग्रुन, एका हातात काठी, दुसऱ्यात माईक.

"आमचा पहिला सामना," ती म्हणाली. "इथं खडी होती. गारा पडत होत्या. आणि गोलात..."

इथं ती थांबली आणि तिनं सरळ बोळाकडं बघितलं. एल्डब्योर्गचा हात आपोआप केसांकडं गेला.

"कोट!" स्टँडमधून एक पोर ओरडलं.

"कोट!" दुसरं ओरडलं. मग तिसरं. मग पूर्ण स्टँड पाय आपटायला लागला. नवं लाकूड, ढोलासारखं वाजत होतं. कोट! कोट! कोट!

सिग्रुनची कंबर गेली होती, डोळे अधू झाले होते, पण समोर हशा तयार दिसला की तिचं मांजर व्हायचं. मासा ताटात आणून ठेवला तर मांजर काय उपास करील?

"कोट!" ती ओरडली. "आणि त्याची बदनामी करू नका बरं का. त्यानं दोन तरी अडवले. एखादी बाई उभी असती तर तेवढेही अडले नसते!"

स्टँडमध्ये हशा फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. सुन्निवासुद्धा मागे खिदळली.

"एल्डब्योर्ग!" सिग्रुननं हाक मारली. "आण गं आपल्या गोलकीपरला!"

मग ती निघाली. काय करणार? कोट तिच्याच हातावर होता. मैदान ओलांडून जाईपर्यंत सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तिच्या आयुष्यात एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या, आणि आजच्याही तिच्या नव्हत्या. तिनं कोट खांबाला अडकवला, कॉलर नीट केली, वळली. वळल्यावर कळलं की आपण गोलात उभ्या आहोत. इथून मैदान केवढं मोठं दिसतं, हे ती विसरून गेली होती.

"आजीबाई, बाजूला व्हा," पंच म्हणाला. "सुरू करायचंय."

"हो, हो," म्हणून ती कोट उतरवून बाजूला झाली.

पोरी सामना जिंकल्या. कपड्यांचा ढीग स्टेडियमच्या मोरीत येऊन पडला, आणि त्याच्या मागोमाग काठी टेकत सिग्रुन आली. धुण्याच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसली.

"रागावलीस?"

"छे."

"पोरं ओरडायला लागली गं."

"ऐकलं मी."

"मी सांगणारच होते, आईशप्पथ. तोंड उघडलं, तुला आठवायला गेले, आणि तू दिसलीच नाहीस." सिग्रुन काठीच्या मुठीकडं बघत होती. "इतक्यांदा सांगितलंय ना, आता डोळे मिटले की तिथं कोटच दिसतो मला. बाह्या वाऱ्यावर हलताना दिसतात. तुझं तोंड काही येत नाही. काय घातलं होतंस तू त्या दिवशी?"

"भावाचा लाल स्वेटर."

"लाल?" सिग्रुननं डोळे मिटले. प्रामाणिकपणे प्रयत्न केला, कपाळाला आठ्या पडल्या. मग उघडले. "नाही गं. खरंच नाही."

यंत्रात कपडे फिरत होते, रबराचे दाणे काचेवर टकटक करत होते. म्हणजे ज्या एका तोंडात ती गोष्ट उरली होती, तिथूनही ती गेली होती.

"पुढच्या वर्षी सांगते," सिग्रुन उठत म्हणाली. "लाल स्वेटर. लक्षात ठेवते."

"हो," एल्डब्योर्ग म्हणाली. "पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष नाही, हे तिला म्हणता आलं असतं. त्या शब्दांचा दगड हातातच होता आणि सिग्रुन पाठमोरी होती. तिनं मारला नाही. दया आली म्हणून मारला नाही, की तो सिग्रुनला नंतर एकटीला वाटेत सापडावा म्हणून, हे तिचं तिला माहीत. दोन्ही पटण्यासारखं.

सोमवारी ती कारखान्याच्या कडेनं सावकाश चालत स्टेडियमवर आली. वाटेत दोनदा कठड्याला धरून उभी राहिली. आदल्या दिवशी वाळत घातलेले कपडे काढले, घड्या घातल्या, ज्याच्या त्याच्या हुकाखाली ठेवले. सुन्निवाचे हातमोजे उलटे करून अंगठ्यांना चिमटे लावले. मग कोट घेतला. खारं पाणी लागून बाह्या कडक झाल्या होत्या, ते मीठ ओल्या ब्रशनं उतरवलं. कॉलरचा बंद सुटत आला होता, तो चार टाके घालून पक्का केला, दोरा दातानं तोडला. खिशात वर्तमानपत्राचे बोळे भरले, म्हणजे आकार बिघडत नाही. कपाटात हँगरवर अडकवून तिनं बाह्या सरळ केल्या, एक, मग दुसरी.

मोरीची जाळी उचलून तिनं रबराचे दाणे काढले आणि डब्यात टाकले. किल्ली खिळ्याला लावली, दार ओढलं, आणि लागलंय की नाही ते नेहमीसारखं एकदा हलवून बघितलं.