घशाच्या गोळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. आणि आज घरात इतका आनंद असताना मला हेच लिहावंसं का वाटावं — कोण जाणे.

सकाळी हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ठोके अगदी सरळ पडतायत. येताना ह्यांनी मंडईपाशी रिक्षा थांबवून हापूस घेतले. घरी मी नाडी बघायला मनगट धरलं, तर म्हणतात, "हात धरायचाय तर सरळ धर की. नाडीचं निमित्त कशाला?" सून हसली. मी लाजून आत पळाले — या वयात.

मी चौथी शिकलेले. ह्यांच्या ठोक्यांच्या गोळ्या रंगावरून ओळखते, आणि त्यात कधी चुकले नाही. मग चुकले कुठे?

दोन वर्षांपूर्वी ह्यांचा घसा धरला, ताप आला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेहमीसारखी मी एकटीच गेले — दुखणं सांगायचं, गोळ्या आणायच्या, आमच्याकडे असंच चालतं. डॉक्टर तरुण, नवे. त्यांनी विचारलं, "काकू, काकांना आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

चालू होत्या. पण पुढे नावं विचारली असती ना? मागे बाकावर चार बायका. त्यांच्यादेखत "एक पांढरी, एक पिवळी" असं सांगायचं? घरी जाऊन पाकीट आणायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हणाले, "काहीच नाही."

तिसऱ्या दिवशी हे चक्कर येऊन पडले. मोठ्या हॉस्पिटलात कळलं, घशाच्या गोळीनं ठोक्यांच्या गोळीचा जोर वाढवला होता, नाडी फार मंद झाली होती. चार दिवसांनी हे घरी आले, चहात साखर कमी म्हणून कुरकुरले, आणि मी आनंदानं रडले.

मग मुलगा दवाखान्यात गेला. मी त्याच्या मागे. भरल्या दवाखान्यात तो म्हणाला, "चार प्रश्न विचारता येत नाहीत, तर पाटी कशाला लावलीत?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माझी मान नेहमीच खाली असते — म्हणून कुणाला काही कळलं नाही.

"विचारायचं माझंच राहिलं असेल," ते म्हणाले.

बाहेर हे नातीला पत्त्यांत फसवतायत. ती ओरडतेय, सगळे हसतायत, मलाही हसू येतंय.

ते डॉक्टर आता प्रत्येकाला दोनदा विचारतात. त्यांना वाटतं, त्या दिवशी राहून गेलं.

राहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, अगदी नीट.